जमिनीखालची तार की चेनलिंक जाळी? कुत्र्यासाठी कुंपण निवडताना

कोल्हापुरात आर. के. नगर, पाचगाव, कळंबा या बाजूला नवे बंगले झाले, पुढं बाग आली आणि बागेत कुत्राही आला. आता त्याला रस्त्यावर जाण्यापासून अडवायचं कसं? भिंत किंवा जाळी नको वाटणाऱ्यांना ऑनलाइन मिळणारं जमिनीखालचं कुंपण आकर्षक वाटतं. वर काही दिसत नाही, गवंडी लागत नाही, खर्चही बेताचा. पण आपल्या गावात ते कितपत उपयोगी पडेल, हे चेनलिंक, म्हणजे विणलेल्या तारेच्या जाळीशी तुलना करून तपासलं पाहिजे.

‘करंटचं कुंपण’ म्हटलं की उसाभोवती रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन डोळ्यांपुढं येतं. हे तसं नाही. घरात एक छोटं यंत्र बसवतात. त्यातून निघालेली तार बागेच्या कडेनं दोन-तीन इंच खोल पुरून, पूर्ण वेढा घालून परत यंत्रालाच जोडतात. तारेतून फक्त रेडिओ संदेश जातो. कुत्रा कडेजवळ आला की गळ्यातला पट्टा आधी वाजतो आणि तो आणखी पुढं गेला तर पट्ट्यातल्या बॅटरीवर त्याला शॉक बसतो. तारेवर मुलांचा पाय पडला तरी त्यांना काही होत नाही.

पण म्हणूनच पट्टा नसलेल्या कुणालाच ही तार अडवत नाही, आणि कोल्हापुरात माझ्या दृष्टीनं प्रश्न इथंच मिटतो. आपल्या गल्ल्यांत भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. त्या सरळ बागेत शिरणार. तुमच्या कुत्र्याला मात्र पळून बाहेर जाता येणार नाही, कारण कडेवर शॉक आहे. मादी असेल आणि माजावर आली, तर तिच्या मागावर येणाऱ्या नरांना तार थोपवणार नाही. भटक्या कुत्र्याच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून वाचणं जवळपास अशक्य असतं. लस दिलेली असली तरी चावाचावी टळत नाही. पाच फुटी जाळी हे सगळं बाहेरच रोखते.

दुसरी अडचण पाठलागाची. आपल्या भागात पश्मी आणि कारवानी पाळणारे बरेच आहेत. ही नजरेनं शिकार हेरून धावणारी जात. मांजर दिसलं की अशा कुत्र्याला शॉक क्षणभरच जाणवतो आणि तो पार होतो. जोश ओसरल्यावर परत यायला बघतो, तेव्हा तोच शॉक त्याला घराबाहेर अडवून ठेवतो.

तार पुरली की काम झालं, असंही नाही. कडेवर छोटी निशाणं रोवून, कुत्र्याला दोरी लावून, रोज थोडा वेळ असं निदान दोन आठवडे शिकवावं लागतं. न शिकवलेल्या कुत्र्याला शॉक कशामुळं बसला हे कळतच नाही. तो बागेलाच घाबरतो, किंवा त्या क्षणी समोर असलेल्या पोराला त्या दुखण्याशी जोडतो. पट्टा दिवसरात्र ठेवला तर त्याची शॉक देणारी टोकं मानेत रुतून जखमा होतात, आणि दाट केसांखाली त्या लवकर दिसत नाहीत. वेल्समध्ये असे शॉकचे पट्टे २०१० पासून बेकायदा आहेत, कुंपणासाठीचे पट्टेसुद्धा. आपल्याकडं १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अनावश्यक वेदना देण्याला मनाई करतो.

हवामानही या तारेच्या बाजूचं नाही. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि पुरलेली तार ताणून तुटू शकते. वळवाच्या विजांनी यंत्र जळू शकतं. लाईट गेली आणि बॅटरीची सोय नसली, तर कुंपणही गेलं.

जाळीचेही दोष आहेत. ती खर्चिक आहे, गंजते, आणि कुत्रा खालून उकरतो. म्हणून जाळी फूटभर खाली पुरा, किंवा तळाशी आतल्या बाजूला फूटभर आडवी पसरून त्यावर माती टाका. उडी मारणाऱ्या कुत्र्याला सहा फूट उंची हवी. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली जाळीच घ्या. जाळीवर गोकर्ण किंवा मधुमालती चढवली की वर्षभरात ती हिरवी दिसू लागते. एकच गोष्ट लक्षात ठेवा: रस्त्यावरची हालचाल दिसली की काही कुत्री दिवसभर भुंकतात. त्या बाजूला वेल दाट होईपर्यंत शेडनेट लावा.

जमिनीखालची तार मी एकाच ठिकाणी मान्य करेन. चारी बाजूंनी पक्कं कंपाऊंड आहे, पण कुत्रा कुंपणाखाली सतत उकरतो किंवा आतल्या विहिरीकडं जातो, तिथं आतून दुसरी ओळ म्हणून. त्यातही बऱ्याच पट्ट्यांवर नुसता आवाज किंवा कंपन ठेवता येतं. आधी तेवढ्यावर शिकवून बघा. भित्र्या किंवा आधीच अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्याला शॉकचा पट्टा घालूच नका.

पूर्ण जाळीचे पैसे एकदम जमत नसतील, तर मागच्या अंगणातला निम्मा तुकडा आधी जाळीनं बंद करा, तिथं सावली आणि पाणी ठेवा, आणि पुढच्या बागेत कुत्र्याला दोरीवरच न्या. जाळीआधी गेट मात्र बघा. त्याखाली चार बोटांपेक्षा जास्त फट असेल तर लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घ्या आणि गेट आपोआप मिटेल अशी स्प्रिंग बसवा.