दीड लाख किलोमीटर झालेली जर्मन गाडी: ठेवायची, की विकून नवी घ्यायची?

गाडी मर्सिडीजची ई-क्लास असो, बीएमडब्ल्यूची फाइव्ह सीरीज असो की ऑडीची ए-सिक्स, साधारण दहा-बारा वर्षं झाली आणि मीटर दीड लाखाकडे सरकलं की एका सर्व्हिसला कंपनीच्या वर्कशॉपकडून तीन-चार पानांचं एस्टिमेट येतं. खालचा आकडा बघून घरातलं कोणीतरी म्हणतंच, "गाडीची किंमत सात लाख आणि काम अडीच लाखांचं? काढून टाका." वाक्य पटणारं आहे, पण तुलना चुकीची आहे. दुरुस्तीचं बिल गाडीच्या आजच्या किमतीशी ताडायचं नसतं. ही गाडी वर्षाला किती खाते आणि तिच्या जागी येणारी गाडी वर्षाला किती खाईल, हे शेजारी-शेजारी मांडायचं असतं.

मांडूनच बघू. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, त्या जागी तुमचे घाला. जुनी गाडी 7 लाखांना जाते. नवी पेट्रोल एसयूव्ही 19 लाख एक्स-शोरूम. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर 12 टक्के, म्हणजे 2.28 लाख. विमा आणि किरकोळ धरून 22 लाख. जुनीचे 7 लाख भरले, उरलेल्या 15 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 31,100 रुपये. पाच वर्षांत 18.7 लाख हप्त्यात गेले, त्यात ते 7 लाख मिळवले की 25.7. पाच वर्षांनी नवी गाडी 10 लाखांना विकली गेली असं धरलं, तरी निव्वळ खर्च वर्षाला तीन लाखांच्या वर. जुनी ठेवली आणि पाच वर्षांनी ती दोनच लाखांची राहिली, तर तिची घट वर्षाला एक लाख. म्हणजे जुनीच्या दुरुस्तीवर नवीच्या देखभालीपेक्षा वर्षाला दोन लाख जास्त गेले तरी तुम्ही बरोबरीत आहात.

गोम एवढीच की नवीचा खर्च हप्त्याने येतो आणि जुनीचा झटक्याने. एक वर्ष चाळीस हजारांत जाईल आणि पुढच्या वर्षी गिअरबॉक्स, टर्बो आणि एसीचा कॉम्प्रेसर एकाच महिन्यात हात पसरतील. तीन लाख रुपये बाजूला ठेवून विसरून जाता येत असतील तरच जुनी ठेवण्याला अर्थ आहे. महिन्याचा पगार महिन्यात संपत असेल, तर गणित काहीही म्हणो, हप्ता बरा.

आता त्या मीटरबद्दल. मुंबईतले दीड लाख आणि पुणे एक्स्प्रेसवेवरचे दीड लाख सारखे नाहीत. अंधेरीहून नरिमन पॉइंटला जाणारी गाडी किलोमीटर कमी आणि तास जास्त कापते. सिग्नलला उभी असताना इंजिन फिरतंय, तेल शिजतंय, रेडिएटरचा पंखा ओरडतोय, मीटर मात्र जागचं हलत नाही. म्हणून डॅशबोर्ड इंजिन ऑइलसाठी पंधरा हजार किलोमीटरचा आकडा दाखवत असला, तरी इथे साडेसात-आठ हजारांवर किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलावं. गिअरबॉक्सच्या तेलाची गोष्ट त्याहून मजेशीर आहे. बीएमडब्ल्यूच्या माहितीत ते 'लाइफटाइम' असतं. पण तोच आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. त्या बॉक्सचा प्लास्टिकचा चेंबर आणि फिल्टर एकत्रच येतात. फक्त तेल काढून नवं भरलं, तर फिल्टर जुनाच राहिला म्हणून समजा.

कंपनीचं वर्कशॉप की बाहेरचं गॅरेज

ठेवायचं ठरलं की खरा प्रश्न हा. लोक यात पक्ष घेतात, कोणी कंपनीचा कट्टर, कोणी आपल्या अंधेरीच्या किंवा ओशिवऱ्याच्या मेकॅनिकचा. मला दोन्हीकडे जाणं बरोबर वाटतं, काम बघून.

मर्सिडीजचं ओएम642 हे व्ही-सिक्स डिझेल इंजिन घ्या, ई 350 सीडीआय आणि एमएल एसयूव्हीमध्ये असलेलं. त्याचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसतो. त्याची रबरी सील उष्णतेने कडक होऊन सपाट होतात, तेल पाझरतं, खोबणीतून मागे वाहतं आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यावरून खाली टपकतं. खालून बघणारा म्हणतो, गिअरबॉक्स लीक आहे, नाहीतर क्रँकचं मागचं सील गेलंय. खरं तर गेलेली असतात बोटभर आकाराची दोन सील. मूळची नारिंगी होती, सुधारित जांभळी आली. सीलांची किंमत किरकोळ, पण तिथवर पोचायला टर्बोसकट अर्धं इंजिन वरून मोकळं करावं लागतं, त्यामुळे बिल जवळपास सगळं लेबरचं. असं काम ज्याने आधी केलंय अशा गॅरेजात करावं. कंपनीतही नीटच होईल, पण तिथल्या तासाच्या दराने ते फार अंगावर येतं.

बीएमडब्ल्यूच्या जुन्या 320डी आणि 520डीमधल्या एन47 इंजिनची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर हलवणारी साखळी, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना मागून खळखळ ऐकू आली, तर ठेवा की विका हा निर्णय त्याच आठवड्यात घ्या. गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही आणि चेन तुटली तर इंजिनच जातं.

एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी असेल तर, जसं जुन्या एस-क्लासला एअरमॅटिक, रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. हवा धरणाऱ्या रबरी बेलोला बारीक चीर असते आणि हवा भरता भरता कॉम्प्रेसर जळतो. एस्टिमेटमध्ये दोन्ही येतात. बेलो वेळेत बदलला असता तर एकच आला असता.

कंपनीकडे जावंच लागतं ते कोडिंगसाठी, म्हणजे नवा इलेक्ट्रॉनिक पार्ट त्या गाडीशी जुळवण्यासाठी. नवं कंट्रोल युनिट, किल्ली, स्टिअरिंग लॉक असे चोरीशी संबंधित पार्ट गाडीच्या चासी नंबरवर आणि कागद बघूनच मिळतात. काही युनिट कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय जिवंतही होत नाहीत. रिकॉलचं, म्हणजे सदोष पार्ट बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावण्याचं, तसंच. एअरबॅगचा रिकॉल तुमच्या चासी नंबरवर बाकी असेल, तर गाडी कितीही जुनी असली तरी काम फुकट होतं. एक फोन करून विचारायला काय जातं?

कंपनीची खोड अशी की तिथे पार्ट दुरुस्त होत नाही, आख्खी असेंब्ली बदलली जाते. सस्पेन्शनचा रबरी बुश फाटला तर आख्खा लोअर आर्म नवा, हेडलाइटचं एक ब्रॅकेट मोडलं तर हेडलाइट नवा. गॅरेजवाला बुश प्रेसवर काढून नवा बसवतो. आणि आर्म बदलायचा झालाच तर तो लेमफर्डरचा आणतो. हे पार्ट बनवणारे मूळ कंपनीलाच माल देतात. शॉकअपला साक्स किंवा बिलस्टाइन, फिल्टरला मान किंवा माले. डब्यावर मर्सिडीजचा तारा नाही म्हणून भाव उतरतो, माल त्याच तोडीचा. कधीकधी पार्टवर कंपनीचं चिन्ह घासून काढल्याची खूणही दिसते. ऑपेरा हाउसच्या स्पेअरच्या दुकानांत विचारताना मात्र नाव घेऊन विचारा. नुसतं 'ओईएम', म्हणजे मूळ कंपनीला पुरवणाऱ्याचा माल, म्हटलं की चायना मालही ओईएम होतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला कटिंगचा, म्हणजे मोडीत काढलेल्या गाड्यांचा माल मिळतो. दाराचं हँडल, आरशाची मोटर, सीटचं स्विच, डिकीचं झाकण, खुशाल घ्या. ब्रेक, सस्पेन्शन आर्म आणि एअरबॅग तिथून कधीही नाही.

गॅरेज पारखायचं कसं? तुमच्याच बनावटीच्या किती गाड्या आत आहेत बघा आणि त्यांतल्या किती धूळ खात, चाकं खाली बसलेल्या उभ्या आहेत तेही बघा. अशा दोन-चार दिसल्या की समजायचं, इथे गाडी उघडतात पण बंद करता येत नाही. स्कॅनर लावून कोडचा प्रिंट देतात का, जुना पार्ट हातात देतात का, जीएसटीचं बिल देतात का, हेही विचारावं. उद्या गाडी विकताना ती बिलं म्हणजेच तुमची सर्व्हिस हिस्टरी.

पावसाळा आणि विमा

माझ्या मते मुंबईत जुनी महागडी गाडी किलोमीटरने कमी आणि पाण्याने जास्त मरते. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेचं पाणी सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारायचा नाही, एवढं तरी आता लोक पाळतात. न दिसणारं पाणी सनरूफमधून येतं. सनरूफच्या चौकटीला कोपऱ्यांत नळ्या असतात, त्या खांबांमधून खाली उतरतात. शिवाजी पार्क किंवा हिंदू कॉलनीत झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या नळ्यांत पानांचा भुगा आणि माती बसते. मग पाणी छताच्या कापडातून नाहीतर कार्पेटखाली उतरतं. तिथला फोम ते आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो आणि त्याच जागी वायरिंगचे सांधे, काही गाड्यांत कंट्रोल युनिट बसवलेली असतात. पिनांवर हिरवा गंज चढला की गाडी वेड्यासारखी वागते: खिडकी आपोआप उतरते, रात्री बॅटरी संपते, मीटरवर भलत्याच सूचना येतात.

मे महिन्यात सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओता. चाकाजवळ खाली ठिबकलं तर नळी मोकळी. नाही तर तंगूस घेऊन हलकेच आत सरकवा. हवेचा प्रेशर मारू नका, आतला जोड सुटला तर छत उतरवावं लागेल. बोनेटच्या मागे, वायपरखालच्या खाचेतली पानंही हाताने काढा. सकाळी काचा आतून धुरकट आणि कार्पेटला कुबट वास येत असेल, तर पाणी आधीच आत आलंय. ओल युनिटपर्यंत पोचली असेल, तर माझं मत सरळ आहे: विका, आणि घेणाऱ्याला सांगून विका.

विम्याची बाजू जुन्या गाडीला लंगडी पडते. झीरो डेप, म्हणजे पार्टची घसारा-कपात न करणारं विम्याचं जोड-कव्हर, बहुतेक ठिकाणी पहिल्या काही वर्षांपुरतंच मिळतं. ते नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर 50 टक्के कापतात. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या पार्टवरही 50 टक्के. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. सहा लाखांच्या आयडीव्हीला ती रेघ साडेचार लाखांवर येते. दोन हेडलाइट, बंपर, रेडिएटर आणि उघडलेल्या एअरबॅग, कंपनीच्या भावाने ती ओलांडायला मोठा अपघात लागत नाही. वर मांडलेलं गणित इथे कोसळतं. नव्या गाडीत ही धास्ती नाही.

कागद

दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आलेला बंदीचा नियम मुंबईला लागू नाही, तरी त्या भीतीने इथलेही लोक गाड्या काढतात. आरसी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते. एप्रिल 2022 पासून पंधराव्या वर्षीच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर. साठ लाखांना घेतलेल्या गाडीपुढे हे काहीच नाही. मात्र जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगरातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे तपासायला समिती नेमली. म्हणून जुन्या डिझेलचा बेत पाच वर्षांपलीकडे आखू नये. पेट्रोलवाल्यांपुढे ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इतक्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या, तेव्हा इंधनाचे होज आणि सील वर्षातून एकदा बघून घ्या.

तेव्हा: पहिल्या मालकाची गाडी, बिलं जपलेली, कोरडं कार्पेट, छपराखालचं पार्किंग आणि हाताशी भरवशाचा मेकॅनिक असेल, तर ठेवा. तेवढ्या पैशांत येणारी नवी गाडी पुण्याच्या रस्त्यावर ताशी शंभरला इतकी शांत आणि घट्ट वाटत नाही, हे एकदा टेस्ट ड्राइव्ह घेऊन स्वतःच बघा. सेकंड हँड घेतलेली, मधल्या वर्षांचा पत्ता नसलेली, चेन वाजणारी किंवा उघड्यावर उभी राहणारी असेल, तर विका. रीडेव्हलपमेंटमध्ये गेलेल्या सोसायटीवाल्यांनी नव्या इमारतीतल्या यांत्रिक पार्किंगची लांबी आणि वजनाची मर्यादाही आधी विचारून घ्यावी. एस-क्लास त्या पाळण्यात बसत नाही म्हणून विकावी लागते, असंही घडतं.

विकायची तर पावसाआधी, एसी आणि टायर ठीक असताना. मोठी दुरुस्ती करून विकू नका, तो खर्च किमतीत परत येत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून फाइल डीलरच्या हातात दिली म्हणजे सुटलात असं नाही. आरसीवर नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. डिलिव्हरीची तारीख-वेळ लिहून सही घ्या, फास्टॅग बंद करा, आणि नाव बदललं का ते परिवहनच्या साइटवर महिनाभराने स्वतः तपासा.