पहिल्या बाळंतपणाचे तास कधीपासून मोजायचे? साताऱ्यातील एका प्रसूतिगृहाचा अनुभव

माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण गेल्या महिन्यात साताऱ्यातील एका दहा खाटांच्या प्रसूतिगृहात झाले. ती पुण्यात नोकरी करते; पहिले बाळंतपण माहेरी म्हणून आठव्या महिन्यात ती आमच्याकडे आली आणि पुढच्या सर्व तपासण्या याच ठिकाणी झाल्या. पहिली कळ गुरुवारी रात्री ११ वाजता आली आणि बाळ शनिवारी पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी जन्मले, म्हणजे मध्ये २९ तासांहून अधिक वेळ गेला. खोली, जेवण, बिल यांविषयी शेवटी लिहीनच, परंतु ज्यांच्या घरी पहिलटकरीण आहे त्यांना हे तास कसे जातात आणि त्या काळात प्रसूतिगृहाने काय करावे हे आधी कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात त्यांच्या मार्गदर्शन वर्गापासून करते. आठव्या महिन्यात एका रविवारी दोन तासांचा वर्ग असतो आणि त्याला गर्भवतीबरोबर तिचा नवरा व घरातील एक वडीलधारी स्त्री यांना आग्रहाने बोलावतात. तेथील मुख्य सिस्टरांनी एक लाकडी फळी आणली होती. तिला एक ते दहा सेंटीमीटर व्यासाची दहा गोल भोके होती आणि प्रत्येकीने ती हाताने चाचपून पाहायची होती. माझ्या मुलीचे बोट पहिल्या भोकात जेमतेम बसले. दहाच्या भोकातून तिची मूठ आरपार गेली. पिशवीचे तोंड इथून इथवर उघडायचे असते, हे शब्दांत सांगितले असते तर ती वरवर मान डोलावून मोकळी झाली असती. फळी हातात घेतल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने खरे प्रश्न विचारायला सुरुवात केली. सिस्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली, जी मला एका मुलीची आई होऊनही ठाऊक नव्हती. पहिलटकरणीच्या पिशवीचे तोंड सुरुवातीला जाड आणि लांबट असते. पहिल्या कित्येक तासांच्या कळा ते पातळ करण्यात खर्च होतात आणि मग ते उघडू लागते. दुसऱ्या खेपेला ही दोन्ही कामे बरोबरीने चालतात, म्हणून ते बाळंतपण बहुधा लवकर होते. पहिल्या तासांत 'काहीच होत नाही' असे आपण म्हणतो तेव्हाही आत काम चालूच असते, हे त्या दिवशी आम्हा सर्वांना पटले.

मात्र त्याच वर्गात वाटलेल्या माहितीपत्रकात 'पहिल्या प्रसूतीस साधारण ८ ते १२ तास लागतात' एवढेच छापलेले आहे, आणि हे तास कधीपासून मोजायचे याचा त्यात उल्लेख नाही. माझी पहिली तक्रार ही आहे आणि ती मी किरकोळ समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळातील देखभालीबाबत ज्या शिफारशी केल्या, त्यांत पहिलटकरणीसाठी बारा तासांची साधारण मर्यादा सांगितलेली आहे खरी, परंतु ती पिशवीचे तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यापासून पूर्ण उघडेपर्यंतच्या काळाची आहे. त्याआधीच्या मंद कळांच्या काळासाठी अशी ठरावीक मुदत सांगता येत नाही, तो बाईबाईगणिक फार वेगवेगळा असतो, असेही त्यांतच म्हटले आहे. तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर येण्यास पहिल्या खेपेला तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तो आणखी वेगळा. माहितीपत्रक वाचणाऱ्या घरात मात्र पहिल्या कळेपासून घड्याळ सुरू होते. आमच्याकडेही तसेच झाले.

गुरुवारी रात्री कळा पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने येत होत्या. दोन वाजता मी प्रसूतिगृहात फोन केला. रात्रपाळीच्या सिस्टरांनी चार गोष्टी विचारल्या: दोन कळांमध्ये किती वेळ जातो, एक कळ किती वेळ टिकते, पाणी गेले आहे का, आणि बाळ हालते आहे का. उत्तरे ऐकून त्या म्हणाल्या, "काकू, ताईंना झोपता आलं तर झोपू द्या, नाहीतर नुसतं पडू द्या. पुढे ताकद लागणार आहे." सकाळी सातला आम्ही राहवेना म्हणून गेलोच, तर तपासणीत तोंड दोन सेंटीमीटर उघडलेले निघाले आणि त्यांनी आम्हाला घरी परत पाठवले. त्या क्षणी मला राग आला होता, हे मी लपवत नाही. कळा देणाऱ्या मुलीला परत रिक्षात बसवून घरी न्यायचे हे मनाला पटत नव्हते. विहीणबाईंचा पुण्याहून फोन आला आणि त्याही म्हणाल्या, "रात्रीपासून कळा आहेत आणि घरी कशा पाठवतात?" परंतु परत पाठवताना सिस्टरांनी एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून दिले होते की कळा पाच मिनिटांवर आल्या, प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागली आणि असे तासभर चालले की निघावे, पाणी गेले, रक्त गेले, पाण्याला हिरवट रंग दिसला, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर यातले काहीही न मोजता तत्काळ यावे. तो कागद मी फ्रीजच्या दारावर लावला. मुलीने मऊ भात आणि मेतकूट खाल्ले, गरम पाण्याने अंघोळ केली आणि दोन कळांच्या मध्ये डुलक्या घेतल्या. लेबर रूममधल्या टेबलावर हे आठ तास तिला असे घालवता आले नसते, हे आता मी खात्रीने सांगते.

दुपारी तीनला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तोंड चार सेंटीमीटर उघडले होते आणि तिला दाखल करून घेतले. इथल्या पद्धतीची मला सर्वांत आवडलेली बाब अशी की तिला पलंगाला जखडून ठेवले नाही. व्हरांड्यात चालणे, खिडकीच्या कठड्याला धरून पुढे वाकणे, गुडघ्यांवर बसणे, जे बरे वाटेल ते करू दिले. उभे राहून किंवा चालत कळा देणाऱ्या बायकांचा पहिला टप्पा आडवे पडून राहणाऱ्यांपेक्षा सरासरी तासाभराहून अधिक लवकर संपतो, हे अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या २०१३ च्या आढाव्यात दिसून आले आहे. दुसरी बाब म्हणजे मला तिच्याजवळ थांबता आले. प्रसूतीच्या वेळी घरची एक स्त्री सोबत असू द्यावी, अशी सूचना केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांसाठी २०१६ साली काढली. खाजगी ठिकाणी मात्र ते अजून त्या त्या डॉक्टरांच्या मनावर असते. माझे स्वतःचे बाळंतपण १९९१ साली एका तालुक्याच्या गावी झाले, तेव्हा माझी आई दाराबाहेर बाकावर बसून होती आणि आत मी एकटी होते. किती वेळ गेला, किती राहिला, हे मला कोणीच सांगितले नाही. 'आडलीय' हा एकच शब्द दाराबाहेरच्या बायकांच्या बोलण्यातून कानावर आला, आणि तो मी आजपर्यंत विसरलेले नाही. म्हणून मुलीची पाठ चोळत तिच्याजवळ उभे राहता आले याचे मोल माझ्या दृष्टीने फार मोठे आहे.

सायंकाळी सातला तोंड पाच सेंटीमीटर होते. रात्री अकराला सात. म्हणजे चार तासांत दोनच सेंटीमीटर प्रगती झाली होती, आणि घराघरांत ऐकून ठाऊक असलेला 'तासाला एक सेंटीमीटर' हा हिशेब जावयांनाही माहीत होता. चोवीस तास होऊन गेले होते. ते डॉक्टरांना म्हणाले, "मॅडम, उगाच धोका नको. हवं तर सीझर करून टाका." तेथील डॉक्टरबाईंनी त्या वेळी जे केले त्यासाठीच मी हे सविस्तर लिहीत आहे. त्यांनी स्टूल ओढून घेतले, मुलीच्या उशाशी बसल्या आणि तिच्या प्रसूतीचा आलेख आम्हाला दाखवला. त्या कागदावर पिशवीच्या तोंडासाठी निळ्या शाईच्या फुल्या आणि बाळाचे डोके किती खाली आले ते दाखवणारे गोल होते. दर अर्ध्या तासाने मोजलेले बाळाचे ठोके ओळीने मांडलेले होते आणि एकही आकडा ११० ते १६० च्या बाहेर गेलेला नव्हता. फुल्या हळूहळू वर चढत होत्या, गोल खाली येत होते. तासाला एक सेंटीमीटर हा नियम १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात इमॅन्युएल फ्रीडमन यांनी पाचशे पहिलटकरणींच्या नोंदींवरून काढलेल्या आलेखातून रूढ झाला, आणि अलीकडे अमेरिकेतीलच बासष्ट हजारांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की चारापासून पाचापर्यंत जाण्यास सहा तासांहून अधिक आणि पाचापासून सहापर्यंत जाण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागूनही प्रसूती सुखरूप होऊ शकते, हे त्यांनी साध्या मराठीत सांगितले. मग त्या मुलीकडे वळल्या. "तू थकली आहेस, पण बाळ थकलेलं नाही. ठोके बिघडले, पाणी हिरवं झालं किंवा डोकं खाली यायचं थांबलं तर मी एक मिनिटही थांबणार नाही. तोवर थांबायला तुझी हरकत नाही ना?" प्रश्न जावयांना किंवा मला न विचारता त्यांनी तिला विचारला. तिने मान हलवून होकार दिला.

सव्वाबाराला पाणी आपोआप गेले, ते स्वच्छ होते, आणि त्यानंतर कळांचा जोर एकदम वाढला. अडीच वाजता तोंड पूर्ण उघडले. पुढचा एक तास पन्नास मिनिटे जोर देण्याचा काळ होता आणि त्यात ठोके दर पाच मिनिटांनी ऐकले जात होते. नात जन्मली तेव्हा तिला लगेच आईच्या छातीवर ठेवले, नाळ कापण्याची घाई केली नाही, आणि वार दहा मिनिटांत पडली. टाके थोडे पडले.

आता ज्या गोष्टी सुधारल्या पाहिजेत त्या. शुक्रवारी सायंकाळी पाळी बदलल्यावर आलेल्या एका सिस्टर कळेच्या भरात कण्हणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "एवढ्यात काय ओरडता, अजून सगळं बाकी आहे." त्यातली माहिती खरी होती, पण ज्या स्वरात ती दिली त्याने मुलीचे डोळे भरून आले आणि त्यानंतर अर्धा तास ती कळा दाबून धरत होती. रविवारच्या वर्गात हीच गोष्ट किती जिव्हाळ्याने सांगितली होती! वर्ग घेणाऱ्यांची भाषा सर्व पाळ्यांच्या सिस्टरांपर्यंत पोहोचली पाहिजे. दुसरे असे की पाठीतून भूल देऊन कळा सुसह्य करण्याची सोय इथे आहे असे सांगितले जाते, परंतु भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि रात्री ते मिळतीलच असे नाही. हे आम्हाला शुक्रवारी रात्री नऊला कळले. ज्यांना ती सोय हवी असेल त्यांनी आधीच स्पष्ट विचारावे. रात्री सोबतच्या माणसासाठी चहा किंवा गरम पाणी मिळत नाही, थर्मास घरून न्यावा. बसायला लेबर रूममध्ये पाठ नसलेले एकच स्टूल आहे, आणि साठीच्या बाईला त्यावर तेरा तास काढणे जड जाते. बिल आधी सांगितलेल्या ३८,००० रुपयांऐवजी ४१,५०० झाले. विचारल्यावर प्रत्येक बाबीचा हिशेब दिला, परंतु बाळाच्या डॉक्टरांची फी वेगळी असते हे नाव नोंदवतानाच सांगायला हवे होते.

तरीही माझ्या नात्यातल्या कोणत्याही पहिलटकरणीला मी हेच प्रसूतिगृह सुचवीन. सोमवारी घरी निघताना मी स्वागतकक्षातून ते माहितीपत्रक पुन्हा मागून घेतले, '८ ते १२ तास' या शब्दांपुढे पेन्सिलीने 'पिशवीचे तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यापासून. त्याआधीचा वेळ यात धरलेला नाही' असे लिहिले आणि मुख्य सिस्टरांच्या हाती दिले. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचले, पेन काढून खाली 'पहिल्या कळेपासून एक दिवसही लागू शकतो' अशी स्वतःची एक ओळ जोडली, आणि छापखान्यात द्यायच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवून दिले.