पहिल्या बिअरसाठी माल्टचा डबा : कूपर्सच्या किटविषयी

ॲडलेडच्या कूपर्स कंपनीचे घरगुती बिअरचे किट नवशिक्यासाठी उत्तम आहे, आणि त्याचे मुख्य कारण असे की बिअरच्या कामातला सर्वांत किचकट टप्पा कंपनीने कारखान्यातच उरकून दिलेला असतो. ही कंपनी १८६२ पासून बिअर तयार करते आहे. माझा भाचा ॲडलेडलाच असतो. त्याच्याकडच्या मुक्कामात मी हे किट वापरले. परत येताना दोन बाटल्या सामानात घालून आणल्या (परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते) आणि धरमपेठेतल्या आमच्या घरी सावजी मटणाबरोबर त्यांची परीक्षाही झाली. तेव्हापासून हे किट नागपुरात मागवता येईल का, अशी विचारणा मित्रमंडळी करीत आहेत.

त्याचे उत्तर आधीच दिलेले बरे. आपल्याकडे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. घरच्याघरी, स्वतःपुरतेच केले होते, ही सबब त्यात चालत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर संपूर्ण दारूबंदीच आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही आणि ऑस्ट्रेलियातही घरी पिण्यापुरती बिअर करण्यास मुभा आहे. भट्टी लावून अर्क काढण्यास मात्र तिथेही परवाना लागतो. तेव्हा मुलाबाळांकडे तिकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या, आणि दुपारी करायचे काय या विवंचनेत पडणाऱ्या नागपूरकरांसाठी हे परीक्षण आहे, असे समजावे.

डब्यात १.७ किलो माल्ट एक्स्ट्रॅक्ट असते. सातूला मोड आणून ते वाळवले की माल्ट तयार होतो. हा माल्ट भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की मोडांतली विकरे (एन्झाइम) पिठाची साखर करतात. पाणी चार-पाच अंशांनी इकडे-तिकडे झाले तरी बिअरचा पोत बदलतो, म्हणून धान्यापासून सुरुवात करणाऱ्याला मोठी भांडी आणि बराच संयम लागतो. एक्स्ट्रॅक्टमध्ये हा गोड रस काढून आटवलेला असतो आणि या डब्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणाही आधीच मिसळलेला असतो. झाकण उघडल्यावर आत काकवीसारखा दाट, तपकिरी पाक दिसतो. बोटावर घेऊन चाखला तर जिभेवर आधी माल्टचा खमंग गोडवा येतो आणि तो ओसरता ओसरता घशाशी कडूपणा उतरतो.

कृती सोपी आहे. डबा गरम पाण्यात ठेवून पाक पातळ करावा, दोन लिटर गरम पाण्यात साखरेसह विरघळवावा, थंड पाणी घालून एकंदर २३ लिटर करावे आणि कोमट झाल्यावर वर ७ ग्रॅम यीस्टची पुडी भुरभुरावी. स्वच्छतेबाबत मात्र तडजोड नाही. पिंप, तोटी, ढवळणी, जे जे रसाला लागणार ते आधी धुऊन मग निर्जंतुक करायचे, आणि सुवासिक साबणाला त्या खोलीत थाराच द्यायचा नाही, कारण त्याचा अंश राहिला तर बिअरवरचा फेस टिकत नाही. दुसऱ्या दिवशी पिंपाच्या पारदर्शक भिंतीतून पाहिले तर वर मळकट, तपकिरी ठिपक्यांचा फेस चढलेला असतो आणि खालचा रस आपोआप घुसळल्यासारखा फिरत असतो. किटमध्ये फेसासाठी एक वेगळी कडी दिली आहे. फेस बसला की घाणीसकट ती उचलून घ्यायची. मला ही योजना फार आवडली.

तापमानाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे. अशा डब्यांवरच्या सूचनांत साधारण २७ अंशांपर्यंत चालेल असे म्हटलेले असते. चालते, पण बिअर होणे आणि चांगली बिअर होणे यांत अंतर आहे. एल जातीचे, म्हणजे फार थंडी न लागणाऱ्या बिअरचे, यीस्ट १८ ते २० अंशांत शांतपणे काम करते. उष्णता वाढली की घाई करते आणि मग पिकलेल्या केळ्याचा वास आणि डोके जड करणारे मद्यार्क तयार होतात. शिवाय आंबताना रस स्वतःही तापतो, त्यामुळे खोलीपेक्षा पिंपातले तापमान दोन-तीन अंशांनी जास्तच असते. मी गेलो तेव्हा इकडे मे महिन्याचा वणवा पेटलेला होता आणि तिकडे थंडी उतरत होती. भाच्याचे गॅरेज रात्री इतके गार पडे की पिंपाला गोधडी गुंडाळावी लागली. ज्यांची मुले ब्रिस्बेनसारख्या उष्ण शहरात आहेत त्यांना उलटी खटपट करावी लागेल. पिंप पाण्याच्या टबात ठेवून वरून ओला टॉवेल गुंडाळायचा आणि पंखा सोडायचा. यामागचे तत्त्व कूलरपुढे उन्हाळे काढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, आणि दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते हेही जुलैतला कूलर आठवला की पटेल.

दुसरा मुद्दा साखरेचा. डब्यातल्या पाकाबरोबर सुमारे एक किलो साखर लागते आणि इथेच बहुतेक जण काटकसर करतात. नुसती पांढरी साखर घातली तर यीस्ट ती सगळी खाऊन टाकते, मद्यार्क वाढतो, पण बिअर पाणचट होते. कंपनीच्या तयार मिश्रणात ग्लुकोजबरोबर न आंबणारे माल्टोडेक्स्ट्रिन आणि एका प्रकारात थोडी माल्टची भुकटीही असते. तो भुकटीचा प्रकार घ्यावा. दोन-तीन डॉलर जास्त पडतात, पण तोंडात भरल्यासारखी वाटते ती बिअर त्यामुळेच.

आंबणे संपले की नाही हे बुडबुड्यांवरून ठरवू नये, हायड्रोमीटरवरून, म्हणजे घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीवरून, ठरवावे. सुरुवातीला रसाची घनता पाण्याच्या तुलनेत १.०४० च्या आसपास असते, ती १.०१० च्या जवळ येऊन लागोपाठ दोन दिवस तिथेच थांबली तरच बाटल्या भराव्यात. दोन्हींतल्या फरकाला १३१ ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण निघते, ते साधारण चार टक्के भरते. घाईने भरलेल्या बाटल्यांत उरलेली साखर आंबत राहते आणि काच फुटू शकते. किटमधल्या बाटल्या प्लॅस्टिकच्या आहेत, हे त्यामुळे शहाणपणाचेच म्हणायला हवे. विदर्भात घरची दारू म्हटले की मोहाची हातभट्टी डोळ्यांपुढे येते आणि ‘मामा, डोळे जातील बरं’ असा आहेरही मला फोनवर मिळाला. पण इथे ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून अर्क काढणे, नसल्यामुळे ती भीती अनाठायी आहे.

आता चव. आम्ही केलेली बिअर ‘रिअल एल’ या डब्याची होती. रंग तांबूस, फेस बेताचा, तळाशी यीस्टचा पातळ थर, त्यामुळे ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवावा लागतो. माल्टचा गोडवा ठळक आणि कडवटपणा मध्यम असल्याने सावजी रश्श्याच्या तिखटाला ती पुरून उरली. फार कडू बिअर त्या तिखटाला उलट चेतवते. सुगंधात मात्र ती कमी पडते. हॉप्सचा ताजा वास पाकात टिकणे कठीणच असते, आणि ज्याला तोच हवा असेल त्याने आंबण्याच्या अखेरीस थोडे सुके हॉप्स वेगळे घालावेत.

पहिल्या खेपेला लागरच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. खऱ्या लागरच्या यीस्टला १० ते १३ अंशांची थंडी आणि पुष्कळ काळ लागतो, आणि त्या फिक्या बिअरमध्ये लहानसा दोषही लपत नाही. ‘डार्क एल’ किंवा ‘स्टाउट’ ही गडद बिअर बरेच काही पोटात घालते. डबा कोणताही घ्या, वापरण्याची अंतिम तारीख पाहूनच घ्या. एका दुकानाने सवलतीत दिलेला जुना डबा भाच्याकडे पडून होता. त्यातला पाक काळपट झाला होता आणि त्याला शाईसारखा, किंचित धातूचा वास येत होता. तो आम्ही बिअरला न वापरता पावाच्या कणकेत संपवला, आणि पाव चांगला झाला.