ल्युसीन आणि फेनिलॲलानिन : शरीरातील दोन वाटा
ल्युसीन आणि फेनिलॲलानिन ही दोन्ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, शरीर स्वतः घडवू शकत नाही. ती आहारातूनच मिळवावी लागतात. ल्युसीनच्या विघटनाची पहिली पायरी पार पाडणारे विकर (एन्झाइम) यकृतात जवळजवळ नसल्याने ल्युसीन मुख्यतः स्नायूंत वापरले जाते आणि तेथे प्रथिननिर्मितीला चालनाही देते. फेनिलॲलानिनचे मात्र यकृतात टायरोसिन हे दुसरे अमिनो आम्ल होते, ज्यापासून डोपामिन, ॲड्रेनालिन, थायरॉइडची संप्रेरके आणि त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होते. हे रूपांतर जन्मतःच अडले, तर साचलेले फेनिलॲलानिन बाळाच्या मेंदूला कायमची इजा करू शकते. नॉर्वेचे डॉक्टर आस्ब्योर्न फोलिंग यांनी १९३४ मध्ये ओळखलेला हा विकार नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून वेळीच कळू शकतो, म्हणून ही साधी तपासणी मला अत्यंत मोलाची वाटते.