पंचावन्नचं दार: साठीआधी नोकरी सोडणाऱ्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना कशी आहे?

नावातच 'ज्येष्ठ नागरिक' असल्यामुळे साठी उलटेपर्यंत या योजनेशी आपला संबंध नाही, असं बहुतेकजण धरून चालतात. पोस्टाच्या किंवा बँकेच्या खिडकीवरचा कारकूनही कधीकधी 'साठ झाल्यावर या' म्हणून परत पाठवतो. नियम तसा नाही. वय ५५ पूर्ण, ६० अपूर्ण आणि माणूस नोकरीतून निवृत्त झालेला असेल, मग ते नियत वयोमानानं असो वा स्वेच्छानिवृत्तीनं, तर खातं उघडता येतं. अट एकच, पण कडक: निवृत्तीचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. नोव्हेंबर २०२३ पर्यंत ही मुदत फक्त एक महिना होती आणि कागद जमवण्यातच ती संपायची.

आधी मिळतं काय ते पाहू. ही पाच वर्षांची ठेव आहे, व्याज दर तिमाहीला मिळतं. १ एप्रिल २०२३ पासून व्याजदर ८.२ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण खातं ज्या तिमाहीत उघडलं तिचा दर पाच वर्षं कायम राहतो. मर्यादा ३० लाख. पूर्ण ३० लाख ठेवले तर वर्षाला २,४६,००० रुपये, म्हणजे तिमाहीला ६१,५००, महिन्याचे पडले २०,५००. पैसे दरमहा येत नाहीत. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला येतात. पगाराची सवय असलेल्या घराला हे पहिल्या वर्षी जड जातं. म्हणून खातं उघडताना तीन महिन्यांचा खर्च बचत खात्यात वेगळा ठेवलेला बरा. व्याज बचत खात्यात आपोआप जमा करण्याची सूचना त्याच दिवशी द्या. न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही.

आता नोकरी सोडण्याच्या तारखेकडे येऊ, कारण या योजनेतली खरी मेख तिथे आहे. वय बघितलं जातं ते खातं उघडण्याच्या दिवशी, कार्यमुक्त होण्याच्या दिवशी नाही. आणि तीन महिन्यांचं घड्याळ सुरू होतं पैसे मिळाल्यापासून. समजा वाढदिवस २० जूनला आहे, त्या दिवशी ५५ पूर्ण होतात. ३१ मार्चला कार्यमुक्त झालात, १५ एप्रिलला ग्रॅच्युइटी आणि सानुग्रह रक्कम (स्वेच्छानिवृत्तीबद्दल मालक देतो ती) जमा झाली, तर २० जून ते १५ जुलै ही साडेतीन आठवड्यांची फट मिळते. तोच माणूस ३१ डिसेंबरला बाहेर पडला आणि पैसे जानेवारीत आले, तर एप्रिलमध्येच दार बंद होतं आणि पुढचं थेट साठीला उघडतं. व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचं, पत्र हातात असताना तीन-चार महिन्यांनी काय बिघडतं, असं वाटतं. बिघडतं ते हे.

बीएसएनएलच्या २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत ५० वर्षांवरचे कर्मचारी पात्र होते आणि ३१ जानेवारी २०२० ला एकदमच हजारोजण बाहेर पडले. त्यांतल्या पन्नाशीच्या सुरुवातीला असलेल्यांच्या हाती मोठी रक्कम होती, पण हे दार त्यांच्यासाठी नव्हतंच. पन्नाशीची सवलत फक्त सैन्यदलातल्या निवृत्तांना आहे, आणि तीही संरक्षण खात्यातल्या मुलकी कर्मचाऱ्यांना लागू नाही.

महाराष्ट्र शासनाच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना हा नियम अगदी नियमित निवृत्तीतही लागतो, कारण ते ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे 'लवकर' न निघतासुद्धा त्यांना पंचावन्नच्याच दारातून जावं लागतं. २० वर्षांच्या अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांना तर सगळा हिशोब नोटिशीच्या तारखेपासूनच मांडावा लागेल.

कोणते पैसे 'निवृत्तीचे' म्हणून चालतात? पीएफ, ग्रॅच्युइटी, अंशराशीकृत पेन्शनची रक्कम (पेन्शनच्या काही भागाऐवजी एकरकमी घेतलेली), शिल्लक रजेचे पैसे, गटविम्यातला बचतीचा भाग, व्हीआरएसची सानुग्रह रक्कम. या सगळ्यांची बेरीज किंवा ३० लाख, यातलं जे कमी तेवढंच ठेवता येतं. हातात २२ लाख आले तर बायकोच्या मुदतठेवीतले आठ घालून ३० करता येत नाहीत. जादा भरलेली रक्कम परत येते आणि तेवढ्या दिवसांचं व्याज पोस्टाच्या साध्या बचत खात्याच्या दरानं मिळतं.

हे पैसे एका दिवशी येत नाहीत, हीच गडबड. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी, असा कायदा आहे, त्यामुळे ती आधी येते. पीएफचा अर्ज मात्र तुमच्या हातात असतो. तो उशिरा केला तर ते पैसे उशिरा येतात. मोजणी कोणत्या रकमेपासून, यावर खिडकीवर वाद घालायचा नसेल तर पहिली मोठी रक्कम आल्यापासूनच तीन महिने धरा. एका खात्यात एकदाच भरणा होतो, नंतर भर घालता येत नाही. मात्र एकूण मर्यादेत राहून एकापेक्षा जास्त खाती चालतात. तेव्हा उरलेल्या रकमेसाठी थांबून राहण्यापेक्षा आलेल्या पैशांचं खातं आधी उघडावं, पीएफ आल्यावर दुसरं.

कागदांत आधार, पॅन आणि फोटो नेहमीचेच. अडतं ते मालकाच्या प्रमाणपत्रावर. त्यात निवृत्त झाल्याचा स्पष्ट उल्लेख, पद, नोकरीचा कालावधी आणि मिळालेल्या लाभांचा तपशील हवा. नुसत्या रिलिव्हिंग लेटरवर भागत नाही, आणि त्यात 'राजीनामा स्वीकारला' असं लिहिलेलं असेल तर प्रश्न विचारला जाणारच. शेवटच्या आठवड्यात एचआरला मजकूरच लिहून द्यावा. बाहेर पडल्यावर तिथे कुणी ओळखत नाही. सोबत पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद जोडा.

कराच्या बाबतीत मात्र पंचावन्न ते साठ हा वयोगट या योजनेत सावत्र आहे. व्याज पूर्ण करपात्र. साठीवरच्यांना जुन्या करपद्धतीत व्याजावर मिळणारी ५०,००० ची वजावट यांना नाही, कारण आयकराच्या लेखी ते ज्येष्ठ नाहीतच. व्याजावरची करकपात ज्येष्ठांना वर्षाला १ लाखापर्यंत होत नाही, यांना ५०,००० पर्यंतच. ३० लाखांच्या वर्षाच्या व्याजावर १० टक्क्यांनी २४,६०० रुपये कापले जातात. कर लागतच नसेल तर कपात नको म्हणून स्वयंघोषणापत्र देता येतं. पण साठीच्या आतल्यांना आणखी एक चाळणी आहे. सगळीकडचं मिळून कपातयोग्य व्याज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावं लागतं. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून ती ४ लाख आहे. या खात्याचे २,४६,००० बसतात, पण बँकेत आणखी २५ लाखांची मुदतठेव असेल तर बेरीज वर जाते, आणि मग विवरणपत्र भरून परतावा मागणं आलं. १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणून घोषणापत्र चालेल, हा गैरसमज बराच पसरलाय.

दोष आणखीही आहेत. व्याज वाढत नाही. महागाई ६ टक्के धरली तर पाचव्या वर्षाअखेरीस २०,५०० ची किंमत आजच्या १५,३०० च्या आसपास राहते. म्हणून घरखर्च ४०,००० असेल तर 'निम्मा भागला, आता सोडतो नोकरी' हा हिशोब कच्चा आहे. उरलेल्या निम्म्याला महागाईबरोबर वाढणारा काहीतरी आधार हवा. थोडी रक्कम काढायची सोय नाही, खातं तारणही ठेवता येत नाही. एक ते दोन वर्षांत बंद केलं तर ठेवीच्या दीड टक्का कापतात, ३० लाखांवर ४५,००० रुपये. दोन वर्षांनंतर एक टक्का. मुलीचं लग्न किंवा घराचं काम दोन वर्षांवर आलं असेल तर तेवढे पैसे इथे घालूच नका.

संयुक्त खातं फक्त जोडीदाराबरोबर होतं आणि त्यानं मर्यादा दुप्पट होत नाही. सगळी ठेव पहिल्या नावाची धरतात. पहिला धारक गेला तर खातं पुढे चालवायला जोडीदार स्वतः पात्र लागतो आणि त्याचं दुसरं असं खातं नसावं लागतं. नवरा ५६ चा, बायको ५१ ची गृहिणी असेल तर ती पात्र नाही. मृत्यूच्या तारखेपासून बचत खात्याचाच दर. अशा घरानं दावा दाखल करायला उशीर करू नये.

पंचावन्न गाठायच्या आत निघणार असाल तर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे. वयाची अट नाही, दर ७.४ टक्के, एकट्याला ९ लाख आणि संयुक्तला १५ लाख मर्यादा. १५ लाखांवर दरमहा ९,२५० येतात. दर कमी असला तरी पैसे महिन्याला येतात.

पाच वर्षांनी मुदत संपते तेव्हा तुम्ही खरोखरच साठीपार असता. तेव्हा खातं तीन वर्षांनी वाढवता येतं, दर मुदत संपल्या दिवशीचा, आणि वाढवल्यावर एक वर्ष झालं की कपातीशिवाय केव्हाही बंद करता येतं. बंद करून नवं उघडलं तर दर पुन्हा पाच वर्षं पक्का, आणि या वेळी मालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. दर उतरायची चिन्हं असतील तर नवं खातं, पैशांची गरज पडेलसं वाटत असेल तर मुदतवाढ. वाढीचा अर्ज मुदत संपल्यापासून वर्षभरात द्यायचा असतो.