बीडीएसनंतर ऑस्ट्रेलिया: एडीसीच्या वाटेचं परीक्षण

नागपूरच्या धंतोलीत दिवसभर ओपीडी करून रात्री अभ्यास करणाऱ्या दंतवैद्यासाठी परदेशात प्रॅक्टिस करण्याच्या तीन वाटांपैकी (अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया) आमची पसंती एडीसीला, म्हणजे ऑस्ट्रेलियन डेंटल कौन्सिलच्या परीक्षेला. अमेरिकेत आयएनबीडीई ही दंतवैद्यांची राष्ट्रीय परीक्षा पास झालं तरी बहुतेक राज्यांत पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेज करावं लागतं, आणि ती फी फार जड जाते. कॅनडात कॉलेज टाळता येतं, पण एएफके, एसीजे, एनडीईसीसी अशा परीक्षांच्या पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात.

एडीसीचे टप्पे तीनच: कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा आणि मेलबर्नमधलं प्रात्यक्षिक. छाननीत घोळ होतो तो नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, शेवटी वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, लग्नानंतर आडनावही बदललेलं. अर्ज भरण्याआधीच नावबदलाचा पुरावा तयार ठेवा. महाराष्ट्रात १९९८ नंतर प्रवेश घेतलेल्यांची विद्यापीठाची कागदपत्रं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून येतात, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

खरी कसोटी प्रात्यक्षिकात. क्राउन प्रिपरेशन करताना, म्हणजे टोपी बसवण्यासाठी दात तासताना, बर (तासायचं फिरतं टोक) शेजारच्या दाताला घासतो, किंवा भिंती जास्त निमुळत्या होतात आणि क्राउनची पकड जाते. क्लिनिकमध्ये वाकून थेट बघायची सवय इथे नडते. फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर), रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून, आरशात बघूनच वरच्या दाढा तासा. शेजारच्या दाताला मॅट्रिक्स बँड (पातळ धातूची पट्टी) लावून सुरुवात करा. घाई असेल त्यांनी ही वाट धरू नये.