पाण्यात घातला म्हणून परत नाही

हिवाळ्यात कयाकिंगसाठी सूट घ्यायच्या बेतात असाल, तर पैसे देण्याआधी एक बादली पाणी मागा. माझे साडेपाच हजार बुडाल्यावर हे सुचलं.

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर सकाळी लवकर कयाक घेऊन उतरायची मला सवय आहे. जानेवारीत निफाडचा पारा पेपरात झळकतो, तेव्हा इकडे वल्ह्यावरून ओघळणारं पाणी पार कोपरापर्यंत जातं. सुती टी-शर्ट एकदा भिजला की वाळायचं नाव घेत नाही, वर वारा असतोच. म्हणून वेटसूट घ्यायचं ठरवलं.

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. "इम्पोर्टेड लॉट आहे सर, ३ मिमी निओप्रीन. अंगाला थेंब लागणार नाही." खरं तर इथेच फोन ठेवायला हवा होता. वेटसूटमध्ये पाणी शिरतंच. शिरलेला पातळ थर अंगाच्या उबेनं कोमट होतो आणि निओप्रीन या फेसाळ रबरातले बंद बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. कोरडं ठेवतो तो ड्रायसूट, मान-मनगटांशी घट्ट रबरी पट्टे असलेला. त्याची किंमतच वेगळी. पण तेव्हा मला हे कुठे ठाऊक!

निम्मे पैसे यूपीआयनं दिले, उरलेले द्वारका सर्कलला रोख. बिलाचा विषय मीही काढला नाही. सूट झकास दिसत होता, छातीवर रबरी लेबल. घरी घालून दाखवला तर बायको म्हणाली, "अगदी बॅटमॅन!" झालं, आम्ही खूश.

पहिल्याच रविवारी वळताना कयाक उलटली. लाइफ जॅकेट होतं, काठही जवळच होता. पण बाहेर आलो तर सूट भिजलेल्या गोधडीसारखा जड, पायातून पाणी गळतंय आणि दात वाजतायत. बोटं इतकी आखडली की पाठीची चेन मित्राला ओढावी लागली.

घरी बाहीची शिवण उसवली. आत पिवळा स्पंज, गादीतला असतो तसला.

फोन केला. "सर, पाण्यात घातलात ना? मग वापरलेला माल झाला. परत नाही घेत."

"अहो, पाण्यासाठीच घेतला होता!"

दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. पुरावा काय, तर निम्म्या पैशांची यूपीआय नोंद. चॅटमध्ये निओप्रीन हा शब्दच नाही, ते सगळं तो गोड आवाजात फोनवर बोलला होता.

तर बादली. विकणाऱ्यासमोरच बाहीचं टोक बुडवून चार-पाच वेळा दाबा, मग उचलून पिळा. निओप्रीनवरून वरवरचं पाणी निथळतं. माझ्या बाहीनं अर्धा तांब्या पाणी काढलं. बादली आणायला तो तयार नसेल, तर निघून या.

परवा ग्रुपवर तेच लेबल दिसलं, वेगळ्या नंबरवरून. या वेळी निळा सूट, ४,५०० रुपये.